घाट एकच, ठोके वेगवेगळे : वाचकांचे प्रश्न

यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळणारे वाढले, तशी मनगटावरची घड्याळेही वाढली. या वेळच्या पत्रांतली बरीचशी मंडळी त्या घड्याळातल्या आकड्यानेच धास्तावलेली दिसतात. व्यायाम करताना हृदय किती रक्त फेकते आणि माणसागणिक त्यात एवढा फरक का पडतो, याभोवतीचे प्रश्न म्हणून एकत्र घेतले आहेत. हृदयाची, बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल त्यांनी इथले आकडे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःला लावू नयेत.

प्रश्न : मी आणि माझे मेव्हणे, दोघेही ४२ वर्षांचे, वजन दोघांचे ६५ किलोच्या आसपास. दर रविवारी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरपर्यंत बरोबरीने पळत चढतो. वर पोचता पोचता माझ्या घड्याळात १७८ ठोके असतात, त्यांच्या घड्याळात १५०. घरचे म्हणतात, तुझे हार्ट वीक आहे, पळणे बंद कर. खरे काय समजायचे? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : ठोके जास्त म्हणजे हृदय कमजोर, हा हिशोब अर्धाच आहे. हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर ढकलते ते दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : मिनिटाचे ठोके आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त. घड्याळाला फक्त पहिली गोष्ट कळते. माणसामाणसांतला मोठा फरक असतो तो दुसरीत.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके ७० आणि दर ठोक्याला ७० मिली धरले, तर मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त फिरते. जीव तोडून पळताना व्यायामाची सवय नसलेल्या धडधाकट तरुणात हा आकडा २० लिटरपर्यंत जातो. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंत तो ३५ ते ४० लिटर मोजला गेला आहे. गंमत अशी, की दोघांचे कमाल ठोके जवळपास सारखेच असतात, खेळाडूचे कधी कधी थोडे कमीच. म्हणजे हा सगळा फरक एका ठोक्यातल्या रक्ताचा : एकाचे १०० ते ११० मिली, तर दुसऱ्याचे २०० च्या घरात.

आता तुमचा घाट घ्या. त्या वेगाला तुम्हा दोघांना मिनिटाला साधारण २.३ लिटर प्राणवायू लागतो असे धरू. प्राणवायूची गरज १ लिटरने वाढली की रक्तप्रवाह ५ ते ६ लिटरने वाढतो, आणि हा दर नवख्यात व मुरलेल्या धावपटूत बराचसा सारखाच असतो. त्या हिशोबाने, बसल्या जागचे ५ लिटर धरून, दोघांच्याही हृदयाला मिनिटाला साडेसोळा लिटर रक्त फेकावे लागते. मेव्हण्यांनी ते १५० ठोक्यांत भागवले म्हणजे दर ठोक्याला ११० मिली झाले. तुम्हाला १७८ लागले म्हणजे ९३ मिली. फरक १७ मिलीचा. एवढ्यावरून कोणाला आजारी ठरवता येत नाही.

हे १७ मिली येतात कुठून? काही भाग जन्मजात. डाव्या कप्प्याचा आकार आणि त्याभोवतीच्या आवरणाची लवचीकता आईबापांकडून आलेली असते. काही भाग अंगातल्या रक्ताच्या एकूण मापाचा. विहिरीला जेवढा झरा तेवढाच उपसा. हृदयाकडे परत येईल तेवढेच ते पुढे फेकते. नियमित व्यायाम सुरू केला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढायला लागतो आणि एका ठोक्यातले रक्तही वाढते. उलट दोन-तीन आठवडे खंड पडला तर तयार धावपटूचेही दहाएक टक्क्यांनी घटते. गणपतीत सुट्टी घेऊन परतल्यावर पहिल्या घाटाला ठोके वर का जातात, त्याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट कप्पा किती चटकन सैल पडून भरतो ही, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. ठोके ६० असताना एका ठोक्याला पूर्ण सेकंद मिळतो, त्यातला साठेक टक्के वेळ भरण्यासाठी असतो. ठोके १८० झाले की अख्खा ठोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात उरकावा लागतो आणि भरायला सेकंदाचा सातवा-आठवा हिस्साच उरतो. ज्याचा कप्पा तेवढ्यात भरतो त्याचे रक्त वाढत राहते. ज्याचा ताठर असतो त्याचे मध्येच अडते. वयाबरोबर, आणि बरीच वर्षे अंगावर काढलेल्या बीपीने, हा ताठरपणा वाढतो.

राहिला तुमचा १७८ चा आकडा. '२२० वजा वय' केले तर तुमची कमाल नेमकी १७८ येते आणि माणूस घाबरतो. पण ते सूत्र म्हणजे सरासरी आहे. एकाच वयाच्या तिघांत साधारण एकाची खरी कमाल सूत्रापेक्षा १० ते १२ ठोक्यांहून अधिक वर किंवा खाली असते. तुमची १९५ असेल तर १७८ ला तुम्ही ९१ टक्क्यांवर आहात. मेव्हण्यांची १६४ असेल तर १५० ला तेही ९१ टक्क्यांवरच. कोणाला जास्त कष्ट पडले हे बोलण्यावरून कळते. चढताना चार-पाच शब्दांचे वाक्य न तोडता बोलता येत असेल, तर १७८ हा तुमचा चालण्याजोगा आकडा आहे. वर पोचल्यावर एक मिनिट सावकाश चाला आणि ठोके किती उतरले ते बघा. २० किंवा जास्त उतरले तर उत्तम. १२ सुद्धा उतरत नसतील, आणि हे दोन-तीन रविवार तसेच दिसले, तर डॉक्टरांकडे जा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, पळतापळता डोळ्यांपुढे अंधारी, यांतले काही असेल तर रविवारची वाट बघू नका.

प्रश्न : वडिलांच्या (वय ५८) टूडी इकोमध्ये 'एलव्हीईएफ ६० टक्के' आणि 'ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन' असे आले आहे. गावात 'पंपिंग ६० टक्केच राहिलंय' अशी बातमी पसरून नातेवाईक भेटायला येऊ लागलेत. (कोरेगाव)

उत्तर : नातेवाइकांना चहा पाजून परत पाठवा. हा आकडा शंभरपैकी मिळालेले गुण नव्हे. डावा कप्पा भरला तेव्हा त्यात १२० मिली रक्त होते आणि ठोक्याला ७२ मिली बाहेर पडले, तर ७२ भागिले १२०, म्हणजे ६० टक्के. उरलेले ४८ मिली आत राहायचेच असते. ५५ ते ७० हे सर्वसाधारण प्रमाण आहे. शंभर टक्के कप्पा कोणाचाच रिकामा होत नाही.

शिवाय हा टक्का म्हणजे हृदयाची ताकद नव्हे. मुरलेल्या सायकलपटूचा कप्पा २०० मिलीचा असतो, त्यातून निवांत असताना १०८ मिली बाहेर पडले की टक्का येतो ५४. किरकोळ अंगाच्या माणसाच्या ९० मिलीच्या कप्प्यातून ५८ मिली गेले की ६४. कागदावर दुसरा वरचढ, घाटात पहिला. आणि इको काढतात ती माणूस कुशीवर निवांत पडलेला असताना. व्यायामात हाच टक्का निरोगी माणसात ७५ च्या पुढेही जातो.

'ग्रेड १' चा अर्थ कप्पा सैल पडायला थोडा वेळ घेतो. पन्नाशीनंतरच्या पुष्कळ रिपोर्टांत ही ओळ असते. वडिलांना जिने चढताना, पायऱ्या चढताना पूर्वीइतकाच दम लागत असेल तर नुसत्या या ओळीने काही बिघडत नाही, बीपी आणि वजन तेवढे आटोक्यात ठेवायचे. मात्र टक्का ६० असूनही अलीकडे दम वाढला असेल, रात्री उशीवर उशी घ्यावी लागत असेल, घोट्याला सूज येत असेल, तर 'पंपिंग चांगलं आहे' म्हणून गप्प बसायचे नाही. फेकणे ठीक आणि भरणे बिघडलेले, असाही हृदयविकार असतो, आणि त्यात हा टक्का शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ३६. आमचे हे आणि मी रोज संध्याकाळी चालायला जातो. वजन माझे कमी, तरी छोट्याशा चढावर मलाच आधी धाप लागते आणि छाती धडधडते. नुकतेच हिमोग्लोबिन ९.२ आले. याचा संबंध असेल का? (वाई)

उत्तर : सरळ संबंध आहे. पण आधी एक गोष्ट : यजमानांशी तुलना मुळातच बरोबरीची नाही. उंची-वजन सारखे असले तरी बाईचे हृदय सरासरीने लहान असते, एका ठोक्यातले रक्त कमी असते आणि हिमोग्लोबिनही पुरुषापेक्षा दीड-दोन ग्रॅमने कमी असते. ती शरीराची घडण आहे, आजार नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या, त्या अशाच हृदयावर.

९.२ ची गोष्ट मात्र वेगळी. १ ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली प्राणवायू वाहते. हिमोग्लोबिन १४, म्हणजे दर १०० मिली रक्तात १४ ग्रॅम, असेल तर १ लिटर रक्तातून साधारण १८५ मिली प्राणवायू जातो. तुमच्या १ लिटरमधून १२० मिली. तेवढाच प्राणवायू पोचवायला तुमच्या हृदयाला जवळपास दीडपट रक्त फिरवावे लागते. थोडी भरपाई स्नायू करतात, रक्तातून प्राणवायू जास्त ओढून घेतात. बाकीची ठोक्यांवर पडते. धडधड त्याचीच.

लोहाची गोळी सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करून घ्या आणि लोह का कमी पडले ते शोधा. पाळीत जास्त रक्त जाणे हे या वयातले नेहमीचे कारण, पण मूळव्याध आणि जंतही असतात. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा-कॉफी गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास टाळावी. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती दिवसाच्या दुसऱ्या टोकाला. शौचाला काळपट होते त्याने घाबरायचे नाही. चार आठवड्यांनी परत तपासा, निदान १ ग्रॅमने तरी वाढायला हवे. वाढले नाही तर एकतर गोळी पोटात जात नाही, किंवा रक्त कुठूनतरी जातेच आहे. आकडा पुरेसा झाला म्हणून गोळी लगेच सोडू नका. साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात. सगळ्यात जास्त बायका इथेच चुकतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा ९ वर येतात. हिमोग्लोबिन ११ च्या पुढे जाईपर्यंत सपाटीवर चाला, चढ आणि पळणे नको.

प्रश्न : वय ६१. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, मेटोप्रोलॉल ५० चालू आहे. कितीही भरभर चाललो तरी ठोके १०८ च्या वर जात नाहीत. जिममधला ट्रेनर म्हणतो, १३० पर्यंत नेल्याशिवाय फायदा नाही. (गोडोली, सातारा)

उत्तर : ट्रेनरला गोळीची चिठ्ठी दाखवा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही औषधे ठोके धरूनच ठेवतात, तेच त्यांचे काम. यांच्यावर असलेल्या माणसाचे कमाल ठोके २० ते ३० टक्क्यांनी खाली येतात, त्यामुळे '२२० वजा वय' काय किंवा नवे '२०८ वजा वयाचे ७० टक्के' काय, दोन्ही सूत्रे तुमच्यासाठी बाद. तुमच्या हृदयाला दोन ठोक्यांच्या मधे भरायला जास्त वेळ मिळतो, ते दर ठोक्याला जास्त रक्त फेकून थोडी तूट भरून काढते. १०८ वर तुमचा व्यायाम होतोच आहे.

ठोक्यांऐवजी कष्टाची पट्टी वापरा. बोर्ग पट्टी ६ पासून २० पर्यंत असते : ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे आता एक पाऊलही नको. तुम्ही ११ ते १३ च्या दरम्यान राहा, म्हणजे 'हलके' ते 'थोडे जड'. गप्पा मारता येतात पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग. चालणे संपवताना एकदम थांबू नका, ५ ते १० मिनिटे वेग उतरवत आणा. थांबल्याबरोबर रक्त पायांत साठते आणि या गोळीवर चक्कर येण्याची शक्यता जास्त. आणि ठोके वाढावेत म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे हा शुद्ध वेडेपणा. अचानक तुटली तर छातीत दुखणे उलटून येते, झटकाही येऊ शकतो.

अशी गोळी चालू नसतानाही एखाद्याचे ठोके जोराच्या व्यायामात चढतच नसतील आणि दम लागत असेल, तर ती तक्रार वेगळी. हृदयातली ठोके पाडणारी गाठच मंदावलेली असू शकते. तिथे ईसीजी आणि टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून घेतलेली हृदयाची चाचणी) हवी.

प्रश्न : मी तालमीतला पैलवान, वय २२, वजन ८६ किलो. जोर-बैठकांना कोणाला हार जात नाही, पण २ किलोमीटर पळालो की छाती फुटायची वेळ येते. वस्ताद म्हणतात दम कमी पडतोय. इकोत मधल्या पडद्याची जाडी १२ मिमी आली. (कराड)

उत्तर : १९७५ साली मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी पळणारे व पोहणारे एकीकडे आणि पैलवान व गोळाफेकपटू दुसरीकडे, अशी हृदये इकोवर मोजली. पळणाऱ्यांचा कप्पा मोठा निघाला. पैलवानांचा कप्पा बेताचा, पण भिंत जाड. नंतरच्या मोजण्यांत फरक इतका काटेकोर दिसला नाही, तरी कल ध्यानात घेण्याजोगा आहे. पळताना हृदयाला भरपूर रक्त फिरवायचे असते. डाव लावताना, श्वास कोंडून जोर करताना, त्याला प्रचंड दाबाविरुद्ध ढकलायचे असते. दोन्ही पायांनी जड वजन रेटणाऱ्या एका खेळाडूचा क्षणिक बीपी धमनीत सुई घालून ४८०/३५० मोजला गेला आहे. अशा दाबाला हृदय भिंत जाड करून उत्तर देते. तुमचे बळ भरपूर आहे, एका ठोक्यातले रक्त त्या मानाने कमी. ८६ किलो पळवायचे म्हटल्यावर ते उघडे पडते.

१२ मिमी पैलवानात चालते. १३ ला पुन्हा बघावे लागते, १५ असेल तर खेळ थांबवून तपासण्या. पण तुमच्या घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेले असेल, किंवा तुम्हाला सरावात एकदा जरी शुद्ध हरपली असेल, तर १२ लाही हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढचे काही करू नका. जाड पडदा हा एका आनुवंशिक आजाराचाही असू शकतो.

ते निस्तरले की आठवड्यातून दोनदा असे करा. १० मिनिटे हलके पळून अंग गरम करायचे. मग हलक्या चढावर ४ मिनिटे जोरात, इतके की शेवटच्या मिनिटाला एका दमात दोन-तीनच शब्द बोलता यावेत. मग ३ मिनिटे रमतगमत. असे चार वेळा. शेवटी ५ मिनिटे चालणे. नॉर्वेतल्या एका अभ्यासात (२००७) आठवड्याला तीन वेळा, आठ आठवडे हा प्रकार केल्यावर एका ठोक्यातले रक्त १० टक्क्यांच्या आसपास वाढले होते. तुमची कुस्तीची मेहनत बघता दोनदा पुरे.

पैलवान इथे एकच गोष्ट हमखास बिघडवतात : पहिली फेरी कुस्तीसारखी खेळतात. ठोके वर चढायला दीड-दोन मिनिटे लागतात. तोवर घड्याळात आकडा दिसत नाही म्हणून वेग वाढवत नेला, की तिसऱ्या फेरीत पाय जातात आणि हृदयाला जी मिनिटे मिळायला हवी होती तीच मिळत नाहीत. पहिल्या आणि चौथ्या फेरीत अंतर सारखे पडले पाहिजे. सारखे पडत नसेल तर पहिली हळू करा. याशिवाय आठवड्यात एक दिवस ४५ मिनिटे सावकाश पळणे. खडाखडीच्या आदल्या दिवशी यांतले काहीच नको.

आणि वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडता का? ८६ किलोतले अडीच किलो पाणी घाम काढून घालवले, की पहिला फटका प्लाझ्माला बसतो आणि एका ठोक्यातले रक्त त्याच दिवशी घटते. मग लढतीच्या दुसऱ्या भागात दम का संपला, याचे उत्तर तालमीत शोधून सापडत नाही.

प्रश्न : घड्याळ १७२ दाखवते, हाताने मोजले तर १४०. कोणाचे खरे? (फलटण)

उत्तर : हाताचे. मनगटावरचे घड्याळ कातडीवर उजेड टाकून रक्ताची लहर मोजते. पट्टा सैल असला की पावलांचे हादरे त्यात मिसळतात आणि घड्याळ तुमची पावलेच ठोके म्हणून मोजत बसते. पळणाऱ्याची पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात. तुमचा १७२ बहुधा तोच. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट बांधा. तरी शंका राहिली तर छातीचा पट्टा घ्या. हाताने मोजताना थांबल्याबरोबर लगेच १५ सेकंद मोजून चारने गुणा. मिनिटभर मोजत बसलात तर तेवढ्यात ठोके उतरून जातात.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी पाच महिन्यांपूर्वी एकाच दिवशी पळायला लागलो. वेळापत्रक एकच. ती सुसाट सुटली, मी जवळपास तिथेच. माझेच काय चुकते? (मेढा)

उत्तर : कदाचित काहीच नाही. 'हेरिटेज' नावाच्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात बैठ्या सवयीच्या ४८१ जणांना २० आठवडे अगदी सारखा व्यायाम दिला होता. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरीने मिनिटाला ४०० मिलीच्या आसपास वाढली. पण काहींची जवळजवळ काहीच वाढली नाही, काहींची १ लिटरहून अधिक वाढली. या फरकातला निम्म्याच्या आसपास भाग घराण्यातून आलेला निघाला. म्हणून 'मेहनत केली की कोणीही' हे वाक्य आम्हाला फारसे पटत नाही.

तरी सोडून देण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिले, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. दुसरे, रोज एकाच मध्यम वेगाने पळता का? तसे असेल तर वर पैलवानाला दिलेला ४ मिनिटांचा प्रकार आठवड्यातून एकदा घाला. थोड्या व्यायामाला ज्यांचे शरीर दाद देत नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांचे जास्त व्यायामाला देते. तिसरे, तुम्ही मोजता काय? वेग वाढला नसेल, पण त्याच वेगाला ठोके १० ने उतरले असतील तर हृदय सुधारलेले आहे.

आणि काही न करण्याची किंमत किती असते तेही बघा. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांच्या हृदयाचा कमाल पुरवठा चौथ्या हिश्श्याने घटला. त्याच पाचांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने क्षमतेची जेवढी हानी केली होती, ती त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली.

प्रश्न : माझे हृदय कमाल किती लिटर फेकते, हे यंत्राशिवाय काढता येते का? (सदरबझार, सातारा)

उत्तर : अंदाज काढता येतो. ४०० मीटरचा सपाट ट्रॅक घ्या, १० मिनिटे अंग गरम करा आणि १२ मिनिटांत जास्तीत जास्त जेवढे पळवेल तेवढे पळा. ही कूपर चाचणी, १९६८ पासूनची. पडलेल्या मीटरांतून ५०५ वजा करा आणि ४५ ने भागा. २००० मीटर पडले तर उत्तर ३३ येते : दर किलो वजनामागे मिनिटाला ३३ मिली प्राणवायू. वजन ७० किलो असेल तर एकूण २३१० मिली. पूर्ण जोरात पळताना शरीर १ लिटर रक्तातून साधारण १५० मिली प्राणवायू काढून घेते, म्हणून २३१० ला १५० ने भागा. उत्तर १५.४ लिटर. शेवटच्या मिनिटाला ठोके १८० असतील तर एका ठोक्याला ८६ मिली. या भागाकारामागचे तत्त्व अ‍ॅडॉल्फ फिक यांनी १८७० साली मांडले आणि आजही कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालून तपासतात तिथे, तेच वापरतात.

हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर १५० चा आकडा चालत नाही, तो १२० च्या जवळ येतो. घाटात ही चाचणी करू नका, सूत्र सपाटीचे आहे. आणि चाळिशी उलटलेल्यांनी, पूर्वी न पळालेल्यांनी, ही चाचणी करूच नये. जीव तोडून पळणे हाच तिचा पाया आहे. त्यांनी ठरलेला रस्ता ठरलेल्या वेळात चालून शेवटचे ठोके लिहून ठेवावेत, दर महिन्याला, त्याच तासाला.

प्रश्न : वय ५२, साखर आहे, गोळ्या चालू. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव द्यायचे आहे. टीएमटी करावी का? (विसावा नाका, सातारा)

उत्तर : करावी, आणि नाव देण्याआधी करावी. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतो : पहिली पायरी ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, दुसरी ४ किमी आणि १२ टक्के, तिसरी ५.५ किमी आणि १४ टक्के. तिसरी पुरी झाली, म्हणजे ९ मिनिटे, की साधारण १० मेट होतात. बसून लागतो त्याच्या दहापट प्राणवायू. घाटाच्या शर्यतीला त्याहून कमी पुरत नाही. रिपोर्टात नुसते 'निगेटिव्ह' वाचून उठू नका. किती मिनिटे चाललात, कमाल ठोके किती, बीपी चढला की मध्येच उतरला आणि पहिल्या मिनिटाला ठोके किती खाली आले, हे चार आकडे विचारा. कठड्याला लटकून चालू नका, मिनिटे फुकट वाढतात. ठोके धरणारी गोळी असेल तर ती चाचणीआधी थांबवायची का, ते डॉक्टर सांगतील.

साखरेच्या माणसाला छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट हा कायमचा परवाना नव्हे. चढाला नेहमीपेक्षा अचानक जास्त दम, थंड घाम, मळमळ : थांबायचे, बसायचे, १०८ ला फोन.

प्रश्न : उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके १५ ने जास्त का पडतात? (दहिवडी)

उत्तर : कातडी गार ठेवायला रक्त तिकडे वळते, घामाने प्लाझ्मा कमी होतो, हृदयाकडे परत येणारे रक्त घटते. एका ठोक्यातले रक्त कमी झाले की तूट ठोक्यांनी भरून निघते. तासाभराच्या पळण्यात वेग न वाढताही आकडा १० ते २० ने वर सरकतो. मे महिन्यात वेगावर नव्हे, ठोक्यांवर पळा. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. दोन टक्क्यांहून अधिक घटत असेल तर वाटेत पाणी आणि चिमूटभर मीठ कमी पडते आहे.

प्रश्न : कृष्णेत पोहताना पूर्ण दम लावूनही ठोके पळण्याइतके चढत नाहीत. व्यायाम कमी होतो का? (कराड)

उत्तर : नाही. शरीर आडवे असते, पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलतो, हृदय जास्त भरते, म्हणून कमी ठोक्यांत भागते. शिवाय गार पाणी. पोहण्यासाठी आपल्या पळण्याच्या आकड्यांतून १० ते १२ वजा करून वेगळी पट्टी लिहून ठेवा. पावसाळ्यात नदी चढलेली असताना मात्र तलावच बरा.